दाढेतलं बेट

दर्याच्या लेकी ये ग, माठात माझ्या रहा
तुझं पाणी पितो त्याला आपला म्हणून पहा

सगुणाच्या कानात आईचा हा आवाज अजून तसाच होता. मिठागरात हंगामाचं पहिलं मीठ धरलं, की आई त्यातला एक खडा पिण्याच्या माठात सोडायची आणि तोंडातल्या तोंडात हे गुणगुणायची. मग हंगाम संपेपर्यंत रोज एक खडा. मजूर कुरकुरायचे, "आत्ये, तुझा चहासुद्धा खारट लागतो." आई म्हणायची, "मग दर्याशी भांड जा. मी काय करू?"

आई जाऊन वर्षं लोटली, खडा सोडायची रीत सगुणानं चालू ठेवली. पण तिच्या त्या खड्यानंच सगुणाच्या नवऱ्याला, बुधाजीला, तुरुंगातून सोडवलं होतं.

एका हिवाळ्यात सोलापूरकडच्या एका गोदामाला आग लागून आत झोपलेली दोन माणसं गेली होती. तिथून पळालेला रखवालदार हाच, असं एका साक्षीदारानं बुधाजीकडे बोट दाखवून सांगितलं आणि त्याला जन्मठेप झाली. बुधाजी तो सबंध हिवाळा पेणच्या खाडीवर मीठ ओढत होता. पण तसं सांगणारे सगळे घरचे, नात्यातले, मिठागरातले. कोर्टानं त्यांचं ऐकून घेतलं, मानलं नाही.

मग काही वर्षांनी स्तरवाचक नावाचं यंत्र आलं. झाडाच्या बुंध्यात कड्या असतात ना, तसे माणसाच्या दाताच्या मुळावर झिरझिरीत थर चढत जातात, उन्हाळ्याचा फिकट, हिवाळ्याचा गडद. त्या काळात माणूस जे पाणी प्याला, त्या पाण्याखालच्या मातीची खूण त्या थरात अडकून राहते. हे यंत्र एकेक थर लेझरनं उडवायचं आणि उडालेल्या भुकटीतून माणसाचा ठावठिकाणा सांगायचं. वाचून झालं की दात उरायचा नाही.

बुधाजीची दाढ वाचली ती डॉ. शाल्मली देवस्थळींनी. त्यांनी सगुणाला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं.

"एक कोडं पडलंय, सगुणाताई. हिवाळ्याच्या थरांत विहिरीचं गोडं पाणी आहे, पण त्यात खाडीच्या चिखलाची खूण आहे. खाडीचं पाणी तर कुणी पीत नाही."

सगुणाला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. "खडा, बाई. माझ्या आईचा खडा."

आगीच्या हिवाळ्याच्या थरातही तो खडा होता. बुधाजी निर्दोष सुटला.

पण यंत्राला तिथंच थांब म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. ते मुळापासून दाढेच्या माथ्यापर्यंत वाचत गेलं. दाढेचा माथा माणूस तान्हा असतो तेव्हा घडतो, आणि या माथ्यात ना पेणचं पाणी होतं ना कोकणचं. पडद्यावर दूरच्या एका नदीचं मुख उमटलं, सरहद्दीपलीकडचं, आणि त्यात एक बेट. जुन्या पाहणीत त्याची नोंद होती. आता तिथं समुद्र होता.

तोवर जलमूळ कायदा लागू झाला होता. बाळपणीचं पाणी ज्या देशाचं, माणूस त्या देशाचा. शेजारच्या देशानं बुडालेल्या बेटांवरच्या लोकांसाठी आतल्या भागात एक गाव वसवलं होतं, आणि यंत्राचा निकाल पाहून माणसं परत घ्यायला तो तयार होता. बुधाजी तुरुंगाच्या दारातून बाहेर पडला तेव्हा सगुणा हार घेऊन उभी होती आणि तिच्या शेजारी हद्दपारीची नोटीस घेतलेला अधिकारी. सोमवारी फेरवाचन, दुसऱ्या दाढेचं; दोन्ही निकाल जुळले तरच पाठवणी. पहिला निकाल तोवर स्थगित. तेवढे दिवस घरी राहायची मुभा.

बुधाजी लहानपणी बंदरावर आला तो एका ट्रॉलरमधून. भर समुद्रात सापडलेला पोर, बुधवारी उतरवला म्हणून बुधाजी. त्याच्याबद्दल गावाला एवढंच ठाऊक होतं. लग्नानंतर सगुणानं त्याला विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "मना काय आठवत नाय."

आता मात्र तोच विचारत बसायचा. जेवताना, भांडी घासू लागताना.

"सगुणा, त्या बाईंनी सांगितलं का, तिथलं पाणी गोडं होतं का मचूळ?"

"पाण्याचं काय लोणचं घालायचंय? तुमाला आठवतं का काय तिथलं?"

"नाय. उगा विचारलं."

सगुणा मान वळवून त्याच्याकडे पाहत राहायची. एवढी वर्षं भिंतीकडे बघून आलेला माणूस, आणि त्याच्या चेहऱ्यावर नवं पुस्तक हाती आलेल्या मुलाचं कुतूहल. तिला ते आवडायचंही आणि त्याची भीतीही वाटायची.

शनिवारी देवस्थळीबाई स्वतः आल्या. बराच वेळ चहाची बशी फिरवत बसल्या.

"मी हे सांगायला नको. पण यांची लहानपणची एकच दाढ उरलीय, बाकीच्या तुरुंगात किडून गेल्या. तिचा माथा घासून कॅप बसवली, तर यंत्राला वाचता येणार नाही. आणि वाचता आलं नाही, तर पाठवता येत नाही."

"मग उद्याच बसवून घेते," सगुणा म्हणाली.

"बसवा." बाई उठल्या आणि दाराशी थबकल्या. "फक्त ठाऊक असू द्या. त्या बेटाची माती उरलेली नाही, विहीर नाही. जे काय आहे ते तिथल्या माणसांच्या दातांत. आणि तशी माणसं किती उरलीत, कोण जाणे."

बुधाजी जिभेनं आतून ती दाढ चाचपत राहिला.

रविवारी सगुणाच्या माहेरच्या तांडेल डॉक्टरनं खास दवाखाना उघडला. बुधाजीला खुर्चीत बसवून गळ्याला फडकं बांधलं. "भावोजी, बाजारातल्या मासळीसारखा तोंडाचा आ करा," तो म्हणाला. बुधाजीनं तोंड उघडलं. घासणीचं चाक गुणगुणू लागलं, दाढेजवळ आलं, आणि बुधाजीनं तोंड मिटलं.

"दुखलं का? अजून लावलंसुद्धा नाय."

"राहू दे, डॉक्टर."

"अवो, राहू दे म्हणजे?" सगुणा पुढे झाली. "उद्या गाडी येईल दारात. इतकी वर्षं एकटी काढली मी. आता तुमाला नेलं तर काय खाडीकडे बघत बसू?"

तांडेलनं चाक बंद केलं आणि गुपचूप बाहेरच्या खोलीत गेला.

बुधाजी उठून बसला. सगुणाचा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला.

"सगुणा, मना सगळं आठवतं. पहिल्यापासून. बेटाला मातीचा बांध होता. भरतीच्या वेळी आम्ही पोरं त्याला कान लावून पडायचो, पाणी पलीकडून काय बोलतं ते ऐकायला. विहीर एकच, चिंचेच्या बुडाशी. पाणी मचूळ होतं. आई त्यात भात शिजवायची, त्याला मीठच लागायचं नाय. बांध फुटला तवा तिनं मना होडीत टाकलं आणि दोर सोडला. ती खालीच राहिली. ट्रॉलरवरचा म्हातारा म्हणाला, पोरा, हे कुणाला सांगू नको, सांगशील तर तू कुठलाच राहणार नाहीस. म्हणून नाय सांगितलं. तुलासुद्धा."

त्यानं गालावरून, दाढेच्या जागी, बोट ठेवलं.

"तिचं, त्या विहिरीचं एवढंच उरलंय. ते मी कसं घासून टाकू? आणि मना हे आठवतं म्हणून, सगुणा, मी तुझा थोडा कमी होतो का?"