मळणाऱ्या हाताचा मान

“तुना हात मना आंगले लागाले नको!”

मंजुळाबाईंनी डाव्या हातानं कोमट तेलाची वाटी भिरकावली... तेल सुंदरबाईच्या लुगड्यावर सांडलं आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी त्यावर टपटपलं. थोरली सून ती, ताडमाड उंच, पण सासूपुढे मान कायम खाली! अखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, सासूनं अबोला धरला होता, आणि आज तोंड उघडलं ते असं.

अखाजीच्या सकाळी दोघी जावा माळ्यावरून मांडे भाजायचं खापर खाली देत होत्या. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ते खापर निसटलं आणि सासूच्या उजव्या खांद्यावर आदळून फुटलं! निसटलं धाकट्या बेबाबाईच्या हातून. नवी नवरी, आईवेगळी पोर. भीतीनं चळाचळा कापत होती. अपशकुनी म्हणून हिला परत धाडतील, आणि माहेरी हिचं आहे तरी कोण?... सुंदरबाईनंच वरून सांगून टाकलं, “मना हातमाईन सुटनं, आत्याबाई!”

खांदा सुजला. घरच्यांनी मायेपोटी हात गळ्यात बांधला. सूज उतरली तरी तो कोणी सोडला नाही, आणि सांधा धरला तो धरलाच. मंजुळाबाईंना वेणी घालता येईना, पदर सावरता येईना. त्यात पोळा दीड-दोन महिन्यांवर आलेला. दारी आलेल्या बैलांच्या कपाळी कुंकू लावायचा मान घरच्या थोरलीचा, आणि डाव्या हातानं का कुठे कुंकू लावतात! आपण आता मोडीत निघालो, या विचारानं ती करारी बाई हुंदके देई.

बेबाबाई चोळायला बसली. तिनं तो हात मोटेच्या दोरासारखा असा ओढला की सासूच्या किंकाळीनं गोठ्यातले बैल उठून उभे राहिले!

सुंदरबाईनं जावेला हळूच मागं सारलं. तिच्या बापाच्या खांदमळणीचं पंचक्रोशीत नाव होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी जुवानं धरलेले बैलांचे खांदे शेकताना, मळताना तो लेकीला सांगे, “जठे दुखस तठे आधी हात ठेवू नको, माय. आजूबाजूनं मायेनं ये.”

“तू बोल, हात मना,” ती बेबाबाईच्या कानाशी कुजबुजली.

तेव्हापासून सासू भिंतीकडे तोंड करून बसे आणि मागं सुंदरबाई! बांगड्या वाजू नयेत म्हणून ती त्या दंडाकडे सारून घेई. गरम वाळूच्या पुरचुंडीनं शेके, ओव्याचं तेल लावी, मानेपासून दंडापर्यंत तळव्यानं सावकाश मळी, पाठीच्या फऱ्याभोवती अंगठे फिरवी. सांधा सैलावला की कोपर तळहातावर पेलून हात हलकेच झुलवी, आणि सासूचा श्वास अडखळला की थांबे. मग बेबाबाई म्हणे, “आत्याबाई, आते भितवर बोटं चढाडा!” मुंगीच्या चालीनं बोटं भिंत चढत, थांबत तिथं गेरूची खूण होई. खूण हळूहळू वर सरकू लागली.

“बेबा, तुना हातमा अमृत शे!” सासू म्हणे. मागं बसलेली सुंदरबाई ते ऐके आणि पदरात तोंड लपवून हसे, रडे...

पोळ्याला वाजतगाजत बैल दारी आले. मंजुळाबाईंनी उजव्या हाताच्या बोटावर कुंकू घेतलं. हात उठला... छातीशी आला, खांद्याशी आला, आणि सर्रकन शिंगांच्याही वर गेला! बैलाच्या कपाळी कुंकू लागलं, आणि सासरे रुपचंद आबांनी लहान पोरासारखी आरोळी ठोकली.

“हाऊ मान मनी बेबाना शे!” मंजुळाबाई म्हणाल्या.

बेबाबाई धाडकन त्यांच्या पायांवर कोसळली. “नई, आत्याबाई! मना नुसता आवाज व्हता, हात अक्काना व्हता. आनि... खापरबी मनाच हातमाईन सुटनं व्हतं!”

सुंदरबाई पुढे धावली. “पोर शे ती, आत्याबाई, तिले काही बोलू नका...”

मंजुळाबाईंनी तिला हातानं थांबवलं. “हात कोना शे, हाई माले पहिलाच रोज समजनं व्हतं. बेबाना हात ओढस. तुना हात इचारस! माले वाटनं, चुकी करी म्हनीसन गुपचूप फेडी ऱ्हायनी. तोंड उघाडाले मनाच अहंकार आडवा उना. पन चुकीच तुनी नव्हती, माय!... बिनचुकीनं इतलं सोसं?”

बेबाबाईला त्यांनी डाव्या हातानं उठवून कुशीत घेतलं. उजव्या हाताच्या बोटावर पुन्हा कुंकू घेतलं. उंच सुंदरबाई सवयीनं खाली वाकू लागली, तशा मंजुळाबाई भर दारात कडाडल्या,

“वाकू नको! माले हात वर करू दे!”