खाडीतली चूल

दुपारी एक वाजता भोक पाडायचं मशीन सुरू होणार होतं. त्याआधी मृणालिनीला खाडीच्या चिखलातून निघणारी हवा बाटल्यांत भरून किनाऱ्यावर आणायची होती. एवढंच काम! पण ते आजवर कोणी केलं नव्हतं, आणि आजनंतर करून उपयोग नव्हता.

प्रकल्प अवाढव्य होता. विदर्भात जमिनीखाली खोलवर कोळशाचे थर आहेत आणि त्यांच्या बारीक भेगांत वायू अडकून बसलेला आहे. थरातलं पाणी उपसून तो मोकळा करायचा, शेकडो विहिरींतून गोळा करायचा आणि नळाने थेट मुंबईपर्यंत आणायचा. शेवटच्या टप्प्यात हा नळ ऐरोलीकडून ठाण्याच्या खाडीखाली शिरून भांडुपच्या बाजूला वर येणार होता. पर्यावरणावर या सगळ्याचा काय परिणाम होईल ते तपासायचं काम अंधेरीच्या एका संस्थेकडे आलं होतं. संस्थेच्या बाकीच्या तुकड्या विदर्भातले झरे आणि विहिरी मोजत फिरत होत्या. मृणालिनीच्या वाट्याला आली घरामागची खाडी. नाहूरच्या तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती रोज दिसायची.

तिथे अशी एक जागा आहे, हे मात्र चौतीस वर्षांत तिला ठाऊक नव्हतं. ते सांगितलं लिओनार्ड अंकलनी. साठी ओलांडलेला, कोळशासारख्या रंगाचा, काटक माणूस. तीन पिढ्या याच खाडीत जाळी टाकलेली.

"आम्ही तिला चूल बोलतो," ते म्हणाले होते. "तिथं चिखल शिजतो. बुडबुड बुडबुड, चोवीस तास!"

नकाशावर नळाची रेघ नेमकी तिथूनच जात होती. उद्या नळ फुटला, वायू चिखलातून वर आला, तर लोक म्हणणार हा नळाचा. कंपनी म्हणणार, छे, इथे आधीपासूनच बुडबुडे होते. खरं कोण हे ठरवायला एकच साक्ष उरणार होती: भोक पाडायच्या आधीची हवा. आणि चाचणीच्या पहिल्या भोकाची तारीख होती आज.

माघातली पहाट. अंगाला झोंबणारा गारवा. होडी तिवरांच्या बोगद्यातून निघाली तेव्हा आकाश नुकतं राखाडी होत होतं. मृणालिनी पुढे, मध्ये बाटल्यांची पेटी आणि चार पालथे टब, त्यांना बाहेरून बांधलेल्या फुगवलेल्या ट्यूब. टबांच्या पलीकडे यज्ञेश. तो बोरिवलीचा, वायू मोजायच्या उपकरणांतला वाकबगार आणि तोंडाचा बडबड्या. मागे इंजिनाशी लिओनार्ड.

"सात वीसला सगळ्यात कमी पाणी," यज्ञेशने मोबाइलवर वाचलं. "भरती-ओहोटीचा तक्ता आहे."

"कुठला?"

"अपोलो बंदरचा."

"मग अपोलो बंदरला जा ना रे!" अंकल हसले. "आज वद्य द्वितीया. उधाणाचं पाणी. इथे ते उशिरा जातं आणि उशिरा येतं. पण येतं तेव्हा धावत येतं. जायला घेईल सात-आठ तास, भरायला चार. समजलं?"

"समजलं," दोघंही म्हणाले. पण एखादी गोष्ट ऐकणं वेगळं आणि अंगावर घेणं वेगळं.

बोगदा संपला.

समोर क्षितिजापर्यंत चिखल पसरला होता. ओला, रुपेरी, सपाट. जणू कोणी आकाशच खाली अंथरलं होतं. त्याच्या कडेला मुलुंडचे टॉवर काडेपेटीएवढे दिसत होते. आणि त्या चिखलावर गुलाबी धुकं उभं होतं. मग धुकं हललं. फ्लेमिंगो! हजारो. माना चिखलात घालून सगळे एकदम पुढे सरकत होते आणि त्यांच्या चोचींचा आवाज दूरवर तांदूळ पाखडल्यासारखा येत होता. एक कोल्हा तिवरांच्या कडेने आला, त्याने होडीकडे बघितलं आणि घाई नसल्यासारखा निघून गेला.

"च्यायला," यज्ञेश हळूच म्हणाला. "आपण खरंच भांडुपमध्ये आहोत?"

होडी पुढे जाईना. तळ चिखलाला टेकला होता. अंकलनी वल्ह्याने दिशा दाखवली. "तो दीडशे पावलांवर काळा पट्टा. तीच चूल. मी होडी मोठ्या नाळेत, खोल पाण्यात नेतो, इथे थांबलो तर अडकून पडेन. बोंब मारा, मी येतो. पाय टाकायचा नाय हां, फळीवरच!"

दोन फळ्या. एकीवर उभं राहायचं, दुसरी पुढे टाकायची, तिच्यावर जायचं, मागची ओढून घ्यायची. टब आणि पेटी दोरीने मागे ओढत न्यायची. दीडशे पावलांना पाऊण तास लागला. फळीखालून निवट्या, चिखलातल्या इटुकल्या मासळ्या, उड्या मारत सुटत होत्या. दोनदा फळी रुतली, दोनदा ती दोघांनी पालथं पडून उपसून काढली. तोंडात खारट चिखल गेला. शेवटी एकदाचे ते पोचले.

चिखल खरंच शिजत होता! वीसेक पावलं लांब पट्ट्यावर छोटी छोटी तोंडं उघडत होती, फुगत होती, फुटत होती. पप्... पप्... पप्. ना वाफ, ना ऊब. हात लावला तर गार. जणू खाली कोणीतरी फार शांतपणे श्वास घेत होतं.

चार टब चार ठिकाणी पालथे घातले. आत वायू साठायला पाऊण तास द्यायचा, मग वरच्या रबरी बुचातून सुईने ओढून बाटल्यांत भरायचा. सव्वाआठ झाले होते आणि पाणी अजून मागेच सरत होतं.

"बघ, तक्ता चुकला!" यज्ञेश खूश झाला. "तासभर बोनस मिळाला आपल्याला."

"हा वायू आणि तो वायू एकच ना?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. "मिथेन म्हणजे मिथेन."

"नाव एक, वय वेगळं." मृणालिनी चिखलाकडे बघत होती. "हा बहुतेक तिवरांच्या पानांचा. दोन-पाच, फार तर शंभर वर्षांपूर्वीची पानं कुजून झालेला. कोळशातला वायू ज्या झाडांपासून झाला, ती झाडं उभी होती तेव्हा पृथ्वीवर एकही पक्षी नव्हता. प्रयोगशाळेत हा फरक ओळखता येतो. पण आधीचा नमुना हातात असेल तरच खात्रीने सांगता येतं."

हा "आधीचा" शब्द तिला गेल्या काही महिन्यांत फार ऐकू यायचा. कार्तिकात डॉक्टरांनी आईच्या एक्स-रेची फिल्म उजेडावर धरून विचारलं होतं, याआधीचा काही रिपोर्ट आहे का? नव्हता. आईने कधी तपासून घेतलंच नव्हतं. ती सावली किती जुनी हे मग कोणालाच सांगता आलं नाही. महिन्याभरात आई गेली. मृणालिनीने त्याबद्दल ऑफिसात अवाक्षर काढलं नव्हतं. फक्त या कामासाठी तिने स्वतःहून नाव दिलं होतं.

खिशात फोन वाजला. चिखलाच्या मधोमध नेटवर्क अगदी पूर्ण!

"मॅडम, पार्सल आहे. बेल मारतोय, कोणी उघडत नाही."

"वॉचमनकडे ठेवा ना," मृणालिनी म्हणाली आणि तिने मान वर केली. फ्लेमिंगो उठत होते.

आधी दूरची रांग, मग तिच्या मागची, मग सगळेच. पंखांखालचा काळा-लाल रंग उघडला आणि आकाश पेटल्यासारखं झालं. ती बघतच राहिली. ते का उठले हे तिच्या क्षणभर उशिरा ध्यानात आलं. जिथे ते उभे होते, तिथे आता काचेसारखी एक जीभ सरपटत पुढे येत होती. कडेला फेस, वर काटक्या.

"यज्ञेश, पाणी!"

तो दचकून वळला. पाय फळीच्या कडेवर पडला. फळी उलटली. आणि तो उभाच्या उभा चिखलात गेला. गुडघा, मांडी, कंबर!

"हलू नकोस! मागे रेल. पाठीवर पडल्यासारखा रेल!"

"पाय कोणीतरी धरलेत गं! खाली खेचतंय!"

"कोणी धरलं नाही. तू धडपडतोयस म्हणून रुततोयस. हात पसर!"

तिने फळी सरकवली, पालथी पडली, त्याच्या काखेत हात घातले आणि ओढलं. तो इंचभरही हलला नाही. उलट तिचीच फळी तिरपी झाली. पाणी आता वीस पावलांवर होतं. तिने सगळा जीव गोळा करून हाक मारली, "अंकऽऽल!" दूर तिवरांमागे इंजिन फुरफुरलं, पण होडी यायला पाणी हवं होतं. आणि पाणी आलं, तर ते आधी यज्ञेशच्या नाकापर्यंत येणार होतं.

त्याला तरंगतं ठेवेल असं काय होतं? ट्यूब! टबांना बांधलेल्या चार ट्यूब.

तिने घड्याळ बघितलं. टब लावून तेहतीस मिनिटं झाली होती. अजून बारा मिनिटं, मग सुई लावायची...

तिने पहिला टब उचलला. आतला वायू फस्सकन सुटला. दुसरा उचलला. तिसरा. चौथा. डोळ्यांसमोर सगळी मोहीम वाऱ्यावर गेली. गाठी सोडायला वेळ नव्हता. तिने टबांसकट ट्यूब ओढल्या आणि एकेक त्याच्या काखेखाली, छातीखाली, पाठीमागे कोंबली.

"टब काढलेस?" यज्ञेशचा चेहरा पडला. "अगं, नमुने!"

"गप बस आणि पडून राहा."

पाणी आलं. आधी गार बोटं, मग तळवा, मग अख्खा हात. ते यज्ञेशच्या छातीपर्यंत चढलं, ट्यूब कुरकुरल्या आणि वर उचलू लागल्या. पाण्याबरोबर चिखलही सैल झाला. "आता! सावकाश, एक पाय!" ती ओरडली. त्याने पाय फिरवला. ती ओढत राहिली. चिखलाने मोठ्ठा आवाज करून त्याला सोडलं. बूट मात्र ठेवून घेतले!

मिनिटा-दोन मिनिटांत होडी त्यांच्यापाशी होती. अंकलनी आधी यज्ञेशला कॉलरला धरून आत घेतलं, मग तिला. बाटल्यांची पेटी तरंगत होती, ती वल्ह्याने ओढली.

"जिवंत हाय ना? मग झालं." अंकलनी दोघांच्या अंगावर गोणपाट टाकलं. "वाट लागली असती, बाय. मी काय बोललो होतो? धावत येतं!"

मृणालिनीने मान हलवली. तिने पेटी उघडली. बारा बाटल्या, बाराही रिकाम्या. पुन्हा पाणी जाईल तेव्हा संध्याकाळ झालेली असेल आणि मशीन कधीच सुरू झालेलं असेल. आता किनाऱ्यावर जाऊन लिहायचं: नमुना मिळाला नाही.

"चला परत," ती शेवटी म्हणाली.

"हवा भरून झाली?" अंकलनी विचारलं.

"नाही. चूल बुडाली ना आता."

अंकलनी इंजिन बंद केलं. "बुडाली म्हणजे विझली काय? खाली बघ की गो!"

तिने कडेवरून वाकून पाहिलं. सूर्य तिवरांच्या वर आला होता आणि उन्हाचे भाले हिरव्या पाण्यात तिरपे घुसले होते. त्या उजेडात, तळापासून वरपर्यंत, बुडबुड्यांच्या माळा चढत होत्या. एक नाही, दहा नाही, शेकडो! मण्यामागे मणी, न तुटता. वर येऊन होडीभोवती फुटत होत्या. चिखलात नुसती तोंडं दिसत होती. इथे अख्खा श्वास दिसत होता.

"आम्ही भरतीलाच बघतो चूल," अंकल म्हणाले. "ओहोटीत कोण येडा चिखलात जाणार? मला वाटलं, तुमच्या सायन्सला चिखलच लागतो."

"तुम्ही बोलला का नाहीत?" यज्ञेश जवळजवळ रडकुंडीला आला.

"तुम्ही विचारलं, कमी पाणी कधी. कमी पाणीच का, ते मी कशाला विचारू?"

मृणालिनी हसली. कार्तिकानंतर पहिल्यांदाच, आणि मोठ्याने. पुस्तकातली पद्धत उघड्या चिखलासाठी होती, म्हणून तिने उघडा चिखल शोधला. पाण्यात बाटली पालथी धरायची, एवढं साधं काम!

"यज्ञेश, पेटीतलं नरसाळं!"

बाटली खाडीच्या पाण्याने काठोकाठ भरायची, पाण्याखालीच उलटी करायची, तोंडाला नरसाळं लावायचं आणि ते माळेवर धरायचं. बुडबुडे आत चढत, पाणी खाली सरकत जाई. पाणी मानेपर्यंत उतरलं की पाण्यातच रबरी बूच. अंकलनी वल्हं चिखलात रोवून होडी एका जागी धरून ठेवली. पाणी वाढत होतं, ओढ वाढत होती, त्यांच्या दंडाच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहिल्या होत्या. मृणालिनी खांद्यापर्यंत पाण्यात हात घालून ओणवी, यज्ञेश तिचे पाय धरून. एक. दोन. पाच. सातवी हातातून निसटली, ती पकडून पुन्हा भरली. अकरा झाल्या आणि अंकल म्हणाले, "आता नाय हां. माझा हात सुटतोय." तिने लगेच हात बाहेर काढला.

भांडुपच्या धक्क्यावर ट्रकवरून मशीन उतरवून झालं होतं. हेल्मेट घातलेला, जाड मिशांचा सुपरवायझर चहा पीत उभा होता. चिखलात बुडवून काढल्यासारखे तिघंजण बघून त्याचा कप हातातच राहिला.

"काय आणलंत मॅडम? मासे?"

"हवा," मृणालिनी म्हणाली. "तुमचं नाव?"

"सहदेव. का?"

तिने प्लास्टिकच्या पिशवीतून कोरडा राहिलेला कागद काढला. तारीख, तिथी, ठिकाण, अकरा बाटल्यांचे नंबर. खाली तिने एक ओळ मोकळी सोडली होती. "मशीन सुरू झालंय का तुमचं?"

"नाही हो. एक वाजता."

"तेवढंच लिहा इथे. तुमच्या अक्षरात. आणि सही."

सहदेवने कागद बघितला, बाटल्या बघितल्या, मग तिचे काळेनिळे पडलेले हात बघितले. "साहेबांना विचारायला लागेल," तो म्हणाला. फोन काढलासुद्धा. मग तो परत खिशात ठेवला. "खरंच तर आहे. ह्यात विचारायचं काय?" त्याने पेन घेतलं आणि जपून, शाळेतल्यासारखं लिहिलं: अकरा वाजून दहा मिनिटे. मशीन अजून सुरू झालेले नाही. खाली सही.

यज्ञेशने अनवाणी पायांनी पेटी उचलून टेम्पोत ठेवली. अंकल होडी बांधायला वळले. मृणालिनी मात्र धक्क्यावरच बसून राहिली. एकला दोन मिनिटं कमी असताना मशीन घरघरलं आणि पायाखालचा दगड थरथरला.

तिने घड्याळ बघितलं आणि सहदेवच्या ओळीखाली ती वेळही लिहून ठेवली.