तिसऱ्या वळणावर मऊ पडलेला ब्रेक

शनिवारी दुपारी तिसऱ्या वळणावर ब्रेक गेला आणि दहा मिनिटांनी आपोआप परत आला. मध्ये कुणी पाना लावला नाही की तेल घातलं नाही. असं कसं झालं, ते मला कळत नव्हतं. पण कुणाला विचारायचंही नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

कारण गाडी माझी नव्हती. माझ्या मावसबहिणीची होती, मृण्मयीची.

आमचं कोंडमाळ गाव घाटमाथ्यावर आहे. २०५२ साल उजाडलं तरी घाटातल्या वाऱ्यापुढे ड्रोनचं काही चालत नाही. गेल्या वर्षी दोन दरीत गेले. म्हणून दर रविवारी एक जण विजेच्या मोटरसायकलला लसींची पेटी बांधतो आणि दगडधोंड्यांच्या वाटेने चारशे मीटर खाली उतरून तीन वाड्यांना देऊन येतो. ही औषधफेरी वर्षभर माझी होती. खालच्या वाडीतल्या पारूकाकी माझ्यासाठी करवंदं राखून ठेवायच्या आणि 'शलाका आली' अशी हाक आधीच वाडीभर फिरलेली असायची.

मग गेल्या महिन्यात मावशी मृण्मयीला घेऊन इथे राहायला आली आणि पाठोपाठ टेम्पोतून तिची गाडी उतरली. माझ्या गाडीच्या तिप्पट ताकदीची मोटर, फणसाएवढे जाड टायर. आठच दिवसांत नाना, आमचे आजोबा, म्हणाले, "फेरी आता मृण्मयी करेल. तिची गाडी अर्ध्या वेळात वाड्यांवर पोचते, लसी गार राहतात." म्हणणं बरोबर होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. वर्षभर खड्डे चुकवत वाट पाठ केली मी, आणि आयत्या बिळावर ही नागोबा.

माझी गाडी बाबांची जुनी. तिची म्हातारी बॅटरी नव्वद टक्क्यांच्या पुढे भरतच नाही. आणि आमच्या गावात तर शंभराचा आकडा दिसल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. 'अर्ध्या बॅटरीवर निघाला तो घाटात झोपला,' असं इथे शेंबडं पोरही सांगेल. मृण्मयीने हे दोन दिवसांत उचललं आणि वर मला विचारलं, "ताई, तुझी गाडी रोज उपाशीच निघते का गं?" सगळे हसले. मीही हसले, पण हसण्यापुरतीच.

शनिवारी तिने गाडी मला फिरवायला दिली. मोठेपणा मिरवायला दिली, असं मी मनाशी म्हटलं आणि घेतली. घाटात भरधाव सोडली. पहिलं वळण झकास. दुसऱ्यावर करपल्यासारखा वास आला. तिसऱ्यावर ब्रेकचा लिव्हर दाबला तर तो शिळ्या पुरीसारखा मऊ, थेट हँडलला टेकला. गाडी थांबेना. मी ती वरच्या अंगाच्या मातीच्या बांधात घातली, म्हणून वाचले. दहा मिनिटं तिथेच बसले, पुन्हा लिव्हर दाबून पाहिला, तर एकदम घट्ट. जसं काही झालंच नव्हतं.

गाडी परत देताना ओठांवर आलं होतं. मृण्मयी म्हणाली, "कशी आहे?" मी म्हटलं, "बरी आहे." उद्या वाटेत लिव्हर मऊ लागला की घाबरून परत येईल, फेरी पुन्हा माझी होईल, एवढाच हिशोब माझ्या डोक्यात होता. मी फार चांगली मुलगी नाही, हे इथेच सांगून टाकते.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सातला मी नानांच्या शेडमध्ये गेले. नाना चाळीस वर्षं गाड्यांचे ब्रेक तपासणाऱ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. मी अगदी सहज विचारल्यासारखं केलं.

"नाना, एक कोडं आहे. उतारावर ब्रेक मऊ पडतो आणि दहा मिनिटांनी आपोआप बरा होतो. का?"

नानांनी चष्मा कपाळावर ढकलला. "ब्रेक काय करतो, ते आधी सांग."

"गाडी थांबवतो."

"अर्धं उत्तर. धावत्या गाडीजवळ गतिज ऊर्जा असते (धावण्यामुळे अंगात आलेलं बळ). ती नाहीशी करता येत नाही, फक्त तिचं रूप बदलता येतं. चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला ब्रेकचा चिमटा दोन्ही बाजूंनी घासतो आणि त्या ऊर्जेची उष्णता होते. हात चोळून बघ, कळेल. आणि वेग दुप्पट झाला तर ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते."

"चौपट?"

"चौपट. शिवाय घाट उतरताना उंचीवरून मिळणारी ऊर्जा वेगळीच. गाडी, माणूस आणि पेटी धरून एकशे पस्तीस किलो चारशे मीटर खाली आणायचे, तर दीड लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता होते. ती सगळी त्या दोन टीचभर चकत्यांनी सोसायची. फोडणीची पळी बघता बघता तापते की नाही? तसंच."

त्यांनी कप्प्यातून सुई नसलेली एक सिरिंज काढली, पाणी भरलं आणि टोक बोटाने दाबून माझ्या हातात दिली. "दाब दट्ट्या." तो तसूभरही हलला नाही. मग त्यांनी आत हवेचा एक बुडबुडा घेतला. आता दट्ट्या आत गेला, मऊ मऊ.

"ब्रेकच्या नळीत तेल असतं. तुझ्या बोटांचा दाब तेच चिमट्यापर्यंत नेतं. चिमटा फार तापला की तेल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि तू चाकाऐवजी बुडबुडे दाबत बसतेस."

"आणि निवलं की बुडबुडे जातात," मी म्हटलं. "पण नाना, माझ्या गाडीला वर्षभरात असं कधीच झालं नाही."

"कारण उतारावर तुझी मोटरच ब्रेकचं काम करते. चाकं तिला फिरवतात, ती वीज तयार करते आणि तिच्या ओढीने गाडी हळू होते. याला पुनर्भरण म्हणतात (उतारावरची ऊर्जा परत बॅटरीत भरणं). पण भरल्या हंड्यात पाणी कसं ओतणार? बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल, तर मोटर हात वर करते आणि सगळा भार चकत्यांवर येतो. सपाटीवरच्या लोकांना हे कळणारच नाही. घाटमाथ्यावर राहून बॅटरी काठोकाठ भरणारे आपणच शहाणे."

म्हणजे ज्या उपाशी बॅटरीची मला लाज वाटायची, तिनेच वर्षभर मला सांभाळलं होतं.

नाना माझ्याकडे बघत होते. "कुणाची गाडी, शलाका?"

कोंबडं झाकून तांबडं फुटायचं थोडंच राहतं? मी सगळं सांगितलं. गप्प का बसले, तेही. नाना रागावले नाहीत, नुसते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पेटी बांधतेय ती." मी पळत सुटले.

मृण्मयी हेल्मेटचा पट्टा लावत होती. मी तिच्या गाडीची चावी काढून मुठीत धरली आणि धापा टाकत म्हटलं, "तिसऱ्या वळणावर ब्रेक जातो. काल गेला होता. मी मुद्दाम सांगितलं नाही."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती खाली मान घालून पट्ट्याशी चाळा करत राहिली.

"मला माहीत आहे," ती हळूच म्हणाली. "गुरुवारी जरा वेगाने उतरले, तेव्हा मलाही मऊ लागला होता. पण सांगितलं असतं, तर फेरी परत तुझ्याकडे गेली असती. इथे सगळे तुझंच नाव घेतात, ताई. पारूकाकी तर मला अजून 'शलाकाची बहीण' म्हणतात." मग म्हणाली, "काल तुला गाडी दिली तेव्हा तू इतकी खाली जाशील असं वाटलं नव्हतं."

मला हसावं की रडावं कळेना. मागून आलेल्या नानांनी कपाळाला हात लावला.

शेडमध्ये त्यांनी एक खोकं उघडलं. आत चोवीस सेंटीमीटरच्या जाड चकत्या होत्या आणि चकती दोनाऐवजी चार दट्ट्यांनी दाबणारे चिमटे. नानांनी उलट्या ठेवलेल्या सायकलचं चाक फिरवलं आणि मला आधी आसाजवळ, मग टायरजवळ धरून थांबवायला लावलं. टायरजवळ किती सोपं. "चकती मोठी, तर पकड आसापासून लांब आणि थोड्या जोरात जास्त काम. जाडजूड म्हणजे बिडाचा तवा, तापायला वेळ लागतो. चार दट्ट्यांनी दाब जास्त आणि सारखा बसतो." मग ते माझ्याकडे वळले. "पण हे तुझ्या वाढदिवसाला आणलेत. दोन्ही गाड्यांना बसतात. तू सांगशील तसं."

मला ते हवे होते. अजूनही हवेत.

"तिच्या गाडीला लावा," मी म्हटलं. "माझी गाडी हलकी आहे. आणि उपाशी निघते."

नवे ब्रेक लगेच घाटात नेत नाहीत. आधी सपाटीवर तीसेक वेळा हळूहळू थांबवून मुरवावे लागतात. म्हणून त्या दिवशीची फेरी मी केली. पुढच्या रविवारी मृण्मयी निघाली तेव्हा तिच्या गाडीवर नव्वदचा आकडा होता. मावशीचा जीव वरखाली होत होता. नाना मात्र ग्रामपंचायतीला सांगत होते की सगळ्यांनी दहा टक्के जागा रिकामी ठेवली, तर उतारच आपल्याला वीज देईल.

मृण्मयी ठरल्या वेळी परत आली. लिव्हर शेवटपर्यंत घट्ट होता. तिने पेटीतून करवंदांचा द्रोण काढला आणि माझ्या हातात दिला.

"पारूकाकींनी दिलाय. तुझ्यासाठी." ती जरा थांबली. "मला एकही नाही दिलं."

मी द्रोण दोघींच्या मध्ये ठेवला. करवंदं मोजून निम्मी निम्मी केली. एक जास्त उरलं, ते मात्र मी खाल्लं.