खुर्चीभोवतीचा खड्डा

शुश्रूषागृहाच्या दालनात दुपारचा चहा फिरत होता. वृद्ध मंडळी आपापल्या खुर्च्यांवर शांत बसली होती. कोणाच्या कमरेला पट्टा नव्हता, मनगटाला फडके नव्हते. दारेही सताड उघडी होती. तपासणी अधिकारी रघुवीर धोंगडे यांना नेमकी ती शांतता खटकली. स्मृतिभ्रंशाची माणसे इतका वेळ एका जागी बसत नाहीत, हा त्यांचा अनुभव होता.

"बांधणं बंद झाल्यापासून आमच्याकडे एकाचंही हाड मोडलेलं नाही, साहेब," व्यवस्थापक बारटक्के म्हणाले. "सगळी किमया या फरशीची."

त्यांनी हातातल्या टॅबच्या पडद्यावर बोट फिरवताच एका रिकाम्या खुर्चीभोवती फरशीवर रुंद, काळेभोर कडे उमटले.

"या आजारात पुष्कळांना फरशीवरचा काळा डाग खड्डा वाटतो. माणूस उठू लागला, की फरशी तेवढी काळी होते. बसला, की पूर्ववत."

"म्हणजे दोरीऐवजी भीतीनं बांधता."

"नियम काय म्हणतो? शरीराला स्पर्श करणारं साधन म्हणजे बंधन. रंग कुठं स्पर्श करतो?"

नियमाचे शब्द तेच होते. ही फरशी राज्यातल्या सगळ्या शुश्रूषागृहांत बसवायची की नाही, हे आज धोंगड्यांच्या शेऱ्यावर ठरणार होते.

खिडकीपाशी ऐंशीच्या घरातल्या इंदुमतीबाई भोईटे अर्धवट उठत होत्या, पायांपुढचा काळोख पाहून पुन्हा मागे टेकत होत्या. समोर न्हाणीघराचे दार उघडे होते. त्यांच्या लुगड्याचा काठ ओला झाला होता.

"चला आजी, मी नेतो," म्हणत धोंगडे काळ्या कड्यावर पाय देऊन सरळ त्यांच्यापाशी गेले.

"अरे दादा, कुठं पाय टाकतोस!" इंदुमतीबाई किंचाळल्या. त्यांनी पुढे झुकून दोन्ही हातांनी धोंगड्यांचे मनगट पकडले आणि सारे बळ लावून त्यांना आत ओढले. "धर मला! सोडू नकोस!"

"आजी, ही नुसती फरशी आहे. हे बघा." धोंगड्यांनी बूट आपटून दाखवला.

"पाय आत घे आधी!" स्वतःची अडचण विसरून त्या एका बुडत्या माणसाला वाचवत होत्या.

बारटक्के हसले. "आता तुम्हांला कोणी बांधलंय का, साहेब?"

"बंद करा हे."

"करतो की. त्या उठून पडल्या, तर जबाबदार म्हणून तुमचं नाव सांगू?"

मनगट सोडवायचे तर ती सुरकुतलेली बोटे एकेक करून उलगडावी लागणार होती, तीही जबरदस्तीने. धोंगड्यांच्याने ते होईना. ते खुर्चीला टेकून खालीच बसले. इंदुमतीबाई अजून पुढे झुकलेल्याच होत्या, म्हणून कडे विझले नव्हते. भोवतालच्या खुर्च्यांवरून सगळे डोळे या दोघांकडे लागले होते. जागचे मात्र कोणी हलले नाही.

इंदुमतीबाई त्यांच्या कानाशी वाकल्या.

"मी रोज हाका मारते, कुणी येत नाही. तुझा आवाज मोठा आहे. आता दोघं मिळून मारू या का?"