दहावं उदाहरण

व्हरांड्यातलं शिलाईमशीन थांबलं आणि घर गप्प झालं. त्या शांततेत मधल्या खोलीतून आवाज आला. टक. मग काहीतरी घरंगळत गेलं.

पेन्सिल.

ठकीची आई हातातली ताटली तशीच धरून उभी राहिली. मधल्या खोलीत कुणी बसत नव्हतं. दहा दिवसांपूर्वीपर्यंत तिथे सासरे बसायचे, गणिताचे मास्तर. आता नुसती खुर्ची होती.

ती आत गेली. टेबलावर ठकीची वही उघडी होती आणि नववं उदाहरण सुटलेलं होतं.

जाण्याच्या आदल्या दिवशी आजोबांनी नातीला दहा उदाहरणं लिहून दिली होती. "उद्या सोडवते" म्हणत ठकी खेळायला पळाली. उद्या उजाडला, पण आजोबा उठले नाहीत. त्यानंतर रोज दुपारी एकेक उदाहरण आपोआप सुटत होतं. अक्षर त्यांचंच, पायऱ्या एकाखाली एक, उत्तराखाली दोन रेघा.

ठकी बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"आत कोण आलं होतं?"

"आजोबा."

"तू पाहिलंस?"

"बघायचं नसतं. बघितलं तर यायचे नाहीत."

"आणि शाळा?"

"दहावं झालं की ते दिसतील. मग जाईन."

नऊ दिवस पोर शाळेत गेली नव्हती. जेवायला बसली तरी पाठ खुर्चीकडे असायची. आईने दिवस मोजले. दहावं सुटेल, आजोबा दिसणार नाहीत. मग या पोरीचं काय होईल?

नवऱ्याला तिने सकाळीच विचारलं होतं. "अहो, वहीत तुम्ही लिहिता का?"

"मी? बाबांनी सातवीतच माझ्यापुढे हात टेकले होते," तो हसला. मग गंभीर झाला. "आणि दुपारी मी घरी कुठे असतो?"

ती वही घेऊन खिडकीशी बसली. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासणं हे तिचं पोटापाण्याचं काम. बरोबर काय आहे ते कुणालाही दिसतं. तिची नजर चुकीवरच जायची.

चौथं उदाहरण. आयताकृती बागेची परिमिती सेहेचाळीस मीटर, लांबी रुंदीपेक्षा पाचने जास्त. सासरे असते तर पहिली ओळ ठरलेली: समजा, रुंदी क्ष. इथे क्ष नव्हताच. सेहेचाळीसचे निम्मे तेवीस. त्यातून पाच गेले, अठरा. अठराचे निम्मे नऊ. रुंदी नऊ, लांबी चौदा. बिनचूक, पण क्षशिवाय.

पाचवं. त्याच बागेला एक फेरा कुंपण घालायला तार किती? उत्तर सेहेचाळीस. शेजारी बारीक अक्षरात: "सत्तेचाळीस घ्यावी."

तिने मान वर केली. सासऱ्यांनी असं जन्मात लिहिलं नसतं.

नववं. काटकोन त्रिकोण, बाजू तीन, चार, पाच. आकृतीभोवती बाहेरून एक फिकट तुटक रेघ, सगळीकडून सारखं अंतर राखून.

ती वही घेऊनच उठली. बाहेर व्हरांड्यात नणंद, ठकीची आत्या, मशीनशेजारी पोलक्याची बाही बेतत होती. खडूची रेघ, तिच्या बाहेर दुसरी, तुटक.

"ताई, मशीन मघाशी का थांबलं होतं?"

"दोरा संपला."

"रोज दुपारी संपतो? आणि संपला की आत पेन्सिल चालते."

नणंदेचा हात थांबला.

"अक्षर बाबांचं, कारण तुम्हाला ते त्यांनीच गिरवायला लावलं. पण क्षपर्यंत पोचायच्या आत तुमची शाळा सुटली आणि हे मशीन आलं. म्हणून तुम्ही निम्मं करत, वजा करत जाता, कापड बेततात तसं. तार एक मीटर जास्त घ्या असं मास्तर नाही सांगणार, शिंपीण सांगेल. आणि त्रिकोणाभोवती शिवणीसाठी जादा कापडाची माया ठेवणारं या घरात दुसरं कोण आहे?"

नणंदेने बाही बाजूला ठेवली.

"बाबा आत पोरांची शिकवणी घ्यायचे, मी इथे पाय मारत ऐकायची," ती म्हणाली. "एकदा तरी बोलावतील वाटायचं." तिने डोळे पुसले. "बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ठकी उशीत तोंड खुपसून म्हणाली, मी गणितं केली नाहीत म्हणून आजोबा गेले. मला ऐकवेना गं. म्हटलं, एक सोडवून ठेवावं, पोर जेवेल तरी. मग थांबता येईना."

"दहावं उद्या करणार होतात?"

"नाही. ते माझ्याच्याने होत नाहीये."

दारात काहीतरी हललं. ठकी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ती रडली नाही. मधल्या खोलीत जमिनीवर पडलेली पेन्सिल शोधून घेऊन आली आणि आत्याच्या मांडीला टेकून बसली. "म्हणजे ते येत नव्हते."

"नाही, बाळा," आई म्हणाली. "आणि तुझ्या गणितांमुळे गेलेही नाहीत. त्यांचं हृदय थकलं होतं."

ठकीने आईच्या हातातून वही घेऊन शेवटचं पान उघडलं. दहावं उदाहरण, आजोबांच्या हातचं: आज नात दहा वर्षांची, आजोबा सत्तर. किती वर्षांनी नातीचं वय आजोबांच्या वयाच्या निम्मं होईल?

"समजा, क्ष वर्षांनी," ठकीने सावकाश लिहिलं. आत्या वाकून बघत होती. "माझ्या दहात क्ष मिळवायचे."

पेन्सिल दुसऱ्या बाजूला आली आणि थांबली. सत्तरवर टेकून राहिली.

"आई," तिने विचारलं, "आजोबांच्या बाजूलाही क्ष मिळवायचे का गं?"