हसलेले चालतील

खर्र… टक्.

दुपारी माझी लेक भिंगरी झोपली की घरात जी शांतता येते, ती मी अंगावर पांघरून घेते. तेवढ्यात मी लिहिते, किंवा लिहायचं ठरवून भिंतीकडे बघत बसते. त्या दुपारी धुण्याच्या मशीनशेजारून तो आवाज आला. कुणीतरी बोलण्याआधी घसा साफ करावा तसा.

"तुमचं यंत्र खोकतंय," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

यंत्र म्हणजे नवऱ्याच्या मामांचा जुना कॉम्प्युटर. मामांचा फोटो स्टुडिओ होता. आल्बमचं काम क्वचित, पासपोर्ट फोटोंचं रोज. गुडघ्यांनी दगा दिला तसं दुकान बंद करून ते मुलीकडे राहायला गेले आणि जाताना ही पेटी आमच्या गळ्यात बांधून गेले. टाकून द्यायच्या वस्तूंवर माझ्या नवऱ्याचं भलतं प्रेम.

"याचा फुकटात सर्व्हर करतो," तो म्हणाला.

"म्हणजे नक्की काय करतोस?" सासूबाईंनी विचारलं.

"घरचं गोदाम, आई. सगळे फोटो याच्या पोटात. मग फोनवर बघ, लॅपटॉपवर बघ, टीव्हीवर बघ. तार राऊटरला जोडली की झालं."

"आणि दिवसभर हा खाणार काय?"

"वीज."

"मग फुकट कसला?"

त्याने डिस्क पूर्ण पुसली, फुकटची एक सिस्टिम घातली. पेटीचं झाकण बसेना, तेव्हा ते पायजम्याच्या नाडीने आवळून बांधलं. त्यानंतर त्याने जे केलं ते फक्त आमच्याच घरात होऊ शकतं. आमच्याकडे एकाच्या दोन वस्तू ठेवणं हा गुन्हा आहे. एक कात्री असताना दुसरी कशाला, एक छत्री असताना दुसरी कशाला, असं ऐकत तो लहानाचा मोठा झालाय. त्यामुळे फोटो त्याने कॉपी केले नाहीत, हलवले. त्याच्या फोनमधले, माझ्या फोनमधले, सगळे.

"दोन-दोन कशाला?" तो म्हणाला.

भिंगरी झाली त्यानंतरचं पहिलं वर्ष मला नीट आठवत नाही. झोप नव्हती, ताप होता, मी कुणाशी काय बोलले तेही पुसलं गेलंय. उरलेत ते तिच्या हसण्याचे फोटो. टबात बसून हसणारी, माझी चप्पल चावत हसणारी, काहीही कारण नसताना बोळकं पसरून हसणारी. ते वर्ष मी जगले याचा माझ्याकडे तेवढाच पुरावा. आणि आता तो नाडी बांधलेल्या पेटीत होता.

सुरुवात शेजारणीच्या कुत्र्यापासून झाली. गच्चीत उड्या मारतानाचा त्याचा फोटो मी उघडला, तर गच्ची गायब. मागे फिकट निळा पडदा, चेहरा बरोबर मधोमध, लोंबते कान मागे चापून बसवलेले. व्हिसाची वाट बघत असल्यासारखा तो माझ्याकडे पाहत होता.

"मामांची जुनी सेटिंग राहिली असेल," नवरा म्हणाला.

"तू तर सगळं पुसलं होतंस."

"पुसलं होतं."

"मग?"

"मग काय! बघतो."

तो बघत राहिला आणि पेटी काम करत राहिली. विकायला काढलेला सोफा निळ्या पडद्यासमोर गंभीर झाला. सासूबाईंच्या फोटोतली वाकडी मान सरळ झाली, कानांवरचे केस मागे गेले. त्यांना तो इतका आवडला की त्यांनी मोठा करून मागितला. "तुमच्यापेक्षा हा बरा काढतो," म्हणाल्या. आम्ही हसलो. खरं सांगते, मीही हसले.

मग एका दुपारी मी टबातला फोटो उघडला.

भिंगरीचं तोंड मिटलेलं होतं.

चप्पल चावतानाचा उघडला. चप्पल नव्हती, हसू नव्हतं. हनुवटी खाली, दोन्ही कान स्वच्छ दिसतायत. फक्त डोळ्यांत थोडंसं हसू शिल्लक होतं, कुणीतरी दटावल्यावर मुलांच्या डोळ्यांत राहतं तेवढं. पुढचा, त्याच्या पुढचा, सगळे तसेच. पेन ड्राइव्हवर उतरवून पाहिले तरी ओठ मिटलेलेच.

माझा आवाज ऐकून नवरा धावत आला. "मी काहीच केलं नाही गं," एवढंच म्हणत राहिला. एरवी सासूबाईंनी दोघांनाही सोडलं नसतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला म्हणाल्या, "मामाला फोन लाव."

मामांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलतात.

"त्याला सांगितलंत का, कशासाठी हवेत ते?" त्यांनी विचारलं.

"कुणाला, मामा?"

"मी पाकिटावर लिहायचो. पासपोर्ट, नाहीतर आल्बम. काहीच लिहिलं नाही तर तो पासपोर्टच धरणार. हसलेला पासपोर्ट परत येतो, पोरी. गिऱ्हाईक शिव्या घालतं."

"पण मामा, दुकान बंद झालंय."



"मी बंद केलं," मामा म्हणाले. "त्याला कुणी सांगितलं?"

आणि मग ते गुडघ्याच्या तेलाबद्दल बोलू लागले.

रविवारी सकाळी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. मी लॅपटॉपवरून सर्व्हरवर पाकिटाऐवजी एक नवा फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं, 'आल्बम. हसलेले चालतील.'

"असं कुठे असतं का!" नवरा म्हणाला. पण आवाज खालच्या पट्टीत, पेटीला ऐकू जाणार नाही इतका.

माझं समाधान झालं नाही. आईची हाव. मी नाव वाढवलं, 'भिंगरीचे सगळे द्या.'

"कृपया लिही," सासूबाई मागून म्हणाल्या.

मी 'कृपया' लिहिलं.

खर्र… आवाज लांबत गेला. टक् झालंच नाही.

आणि फोल्डर भरू लागला. टब आला. चप्पल आली. बोळकं आलं, अगदी लाळेसकट. मी तोंडावर हात धरून रडत होते आणि नवरा छताकडे बघत होता, म्हणजे तोही रडत होता. भिंगरी सोफ्यावर उड्या मारत ओरडत होती, "ही मी! ही पण मी!"

"झालं बाई एकदाचं," सासूबाई म्हणाल्या.

झालं नव्हतं.

पुढच्या फोटोत भिंगरीचा समोरचा दात पडलेला होता. मी शेजारी बसलेल्या भिंगरीकडे पाहिलं. तिचे सगळे दात जागच्या जागी होते.

"हा कधी काढला?" नवऱ्याने विचारलं.



पुढच्यात दोन वेण्या, शाळेचा गणवेश. शेजारी मी, चष्मा लावून. मी चष्मा लावत नाही.

पुढच्यात ती माझ्या खांद्याएवढी.

"माझे केस कुठे गेले?" नवरा हळूच म्हणाला.

"मी आहे अजून," सासूबाई पुढे झुकून, समाधानाने म्हणाल्या.

पुढच्यात भिंगरी माझ्याहून उंच. कुठल्याशा पायऱ्यांवर, वाऱ्याने केस उडतायत, मान मागे टाकून हसतेय. बाबा आहेत. खुर्चीत आजी आहे.

"हा मी काढला असणार," मी म्हणाले. जरा घाईनेच.

पुढचा भिंगरीने स्वतःच हात लांब करून काढलेला. सगळे दाटीवाटीने, गालाला गाल लावून.

पुढचा.

त्याच्या पुढचा.

नवऱ्याने रिमोट शोधायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बांगडी रुतत होती.

भिंगरी सोफ्यावरून उतरली. टीव्हीच्या अगदी जवळ गेली. बोट लावून एकेकाला शोधू लागली. हे बाबा. ही आजी. ही मोठी मी. माणसांच्या पाठीमागे कुणी लपलंय का, म्हणून तिने काचेला गाल लावून आत डोकावून पाहिलं. फोटो बदलत राहिले, ती हसतच राहिली. एकेकात किती सुंदर हसत होती.

मग ती माझ्याकडे वळली.

"आई, तू परत कुठल्या फोटोत येतेस?"