माकुडीचा कडा

भाद्रपदातली दुपार. धुकं इतकं दाट, की पठार कुठे संपतं नि दरी कुठे सुरू होते ते कळू नये. त्रिशला कातळावर पालथी पडून खालच्या भेगेत हात घालत होती, तोच कुणीतरी तिचा पाय घट्ट धरला.

"आवं म्याडम, फुडं कडा हाय."

तिने मान वळवली. घोंगडीआडून एक तरणा धनगर हसत होता. मागे त्याची शेरडं.

"माहीत आहे मला. पाय सोडा."

"आधी मागं सरा… मग सोडतो."

त्रिशला मूळची सांगलीची, कराडच्या कॉलेजात वनस्पतींवर संशोधन करणारी. तिला हवी होती शिंदळ माकुडी – जाड, रसाळ दांड्यांची, कड्याच्या भेगेत उगवणारी, तांबूस-जांभळ्या चांदणीसारख्या फुलाची. जगात फार थोडी उरलेली. वर्षभर हिंडून तिला सातच रोपं सापडली होती.

"सातच?" ते ऐकून तो धनगर, बिराप्पा, म्हणाला. "मला साठ ठावं हाईत."

"दाखवाल?"

"दुसऱ्या कुनाला दावली नसती," तो बोलून गेला, आणि एकदम शेरडांकडे वळला.

मग दर शनिवारी ती पहिल्या एसटीने येऊ लागली. कमरेला दोर बांधून तो कड्याखाली उतरे; ती वर बसून लिहून घेई.

"किती फुलं?"

"तीन… आन् एक कळी. लाजतीया."

"कळी लाजत नसते."

"मग वर कुनीतरी लाजत आसंल."

धुकं होतं, ते बरंच झालं.

वनखात्याला दिलेल्या अहवालात तिने एकच मागणी केली – इथलं गवत उन्हाळ्यात पेटवू नये. सोबत साठही जागांचा नकाशा जोडला. चैत्रात हुकूम आला तो वेगळाच. सगळा उतार चराईला बंद. तारेचं कुंपण पडलं, आणि बिराप्पाच्या वडिलांना शेरडं विकावी लागली.

"मी हे मागितलं नव्हतं, बिराप्पा."

"ठावं हाय. पर जागा म्याच दावल्या न्हवं?"

आवाजात राग नव्हता. तेच तिला सोसलं नाही. आठवड्याभरात तो तासगावला बेदाण्याच्या शेडवर कामाला गेला.

दोन वर्षं त्रिशला वनखात्याच्या कार्यालयाचे जिने चढत राहिली. अखेर हुकूम बदलला. कड्यालगतची पट्टी सोडून चराई खुली झाली. कागद घेऊन ती थेट तासगावला गेली. बिराप्पाने हात पुसले, तिच्याकडून हुकूम दोनदा वाचून घेतला.

"लय केलंसा."

"परत या. मी… अजून दर शनिवारी तिथं जाते."

तो बराच वेळ जाळीवरची द्राक्षं सारखी करत राहिला.

"म्होरल्या महिन्यात लगीन हाय माजं. हितल्या मुकादमाची लेक. चांगली हाय."

तिने कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली. "वडिलांना द्या," एवढंच म्हणाली.

स्टँडवर तो सोडायला आला.

"तवा का न्हाई बोललासा?"

"तुम्ही गेलात… तेव्हा कळलं."

"मला लय आधी कळलं हुतं," तो म्हणाला. "पर शेरडं राखनाऱ्यानं कुठल्या तोंडानं बोलायचं?"

कराडची गाडी लागली. त्याने आत चढून तिच्यासाठी खिडकीची जागा धरली आणि खाली उतरला. गाडी वळेपर्यंत तो उभा होता. हात त्याने हलवला नाही; तिनेही नाही.